एका बाईची विचारपूस

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही चार ओळी लिहाव्यात, असा संपादक मंडळातील भगिनींचा आग्रह झाला. दरवर्षी मी लोणची, मुरंबे आणि उपासाचे पदार्थ लिहून देते. ते कुणी ना कुणी करून पाहते आणि मलाही बरे वाटते. यंदा मात्र इतिहासातील एक हकीकत सांगावी असे मनात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा पांडित्याची अपेक्षा कुणी ठेवू नये. पण वाचनाची गोडी लहानपणीच लागली होती, आणि घरची कामे आवरल्यावर दुपारचा एक तास मी पुस्तकासाठी राखून ठेवते, हे शेजारणींना ठाऊक आहेच.

गांधीजींचे ‘दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास’ हे पुस्तक वाचताना त्यात एका इंग्रज बाईंचा उल्लेख आला. त्यांचे नाव मिस एमिली हॉबहाऊस. आपल्याच देशाचे सैन्य ज्या शत्रूशी लढत होते, त्या शत्रूच्या बायकामुलांची विचारपूस करावयास ही बाई एकटी समुद्र ओलांडून गेली. हे वाचून मला स्वस्थ बसवेना. मग मुलीला गळ घातली. तिने इंग्रजी पुस्तके मिळवली, बाईंनी स्वतः लिहिलेला अहवालही मिळवला, आणि रोज थोडा थोडा मराठीत सांगितला. त्यातून जे समजले ते येथे मांडते.

दक्षिण आफ्रिकेत त्या वेळी डच वंशाच्या शेतकऱ्यांची दोन स्वतंत्र राज्ये होती, ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट. ह्या लोकांना बोअर म्हणत. ट्रान्सवालमध्ये सोन्याच्या खाणी निघाल्या, आणि इंग्रजांचे व बोअरांचे संबंध बिघडत गेले. ऑक्टोबर १८९९ मध्ये लढाई जुंपली. पहिल्या काही महिन्यांनंतर इंग्रजांचे पारडे जड झाले, दोन्ही राजधान्या त्यांच्या हाती आल्या, आणि लढाई संपली असेच सर्वांना वाटले. पण बोअर शरण येईनात. घोड्यावर बसून लहान लहान टोळ्यांनी यावे, रेल्वेचे रूळ उखडावे आणि माळरानात नाहीसे व्हावे, असा गनिमी कावा त्यांनी सुरू केला. गनिमी कावा म्हणजे काय, हे मराठी माणसाला निराळे समजावून सांगावयास नको.

ह्यावर इंग्रज सेनापतींनी जो उपाय काढला, तो आधी लॉर्ड रॉबर्ट्स ह्यांनी आणि नोव्हेंबर १९०० पासून लॉर्ड किचनर ह्यांनी अमलात आणला. लढणाऱ्या पुरुषांना भाकरी, बातमी आणि निवारा मिळतो तो शेतावरच्या घरातून. तेव्हा घरेच जाळून टाकावी, पीक नष्ट करावे, गुरे मारावी किंवा हाकून न्यावी, असे ठरले. सुमारे तीस हजार घरे अशी जाळण्यात आली. घर जळाल्यावर आतल्या बायकामुलांनी जावे कोठे? त्यांना गाड्यांत आणि उघड्या वाघिणींत घालून रेल्वेलगतच्या तंबूंच्या छावण्यांत आणून ठेवू लागले. सरकार त्यांना निर्वासितांच्या छावण्या म्हणे. पुष्कळशा बायका काही आपल्या इच्छेने तेथे आलेल्या नव्हत्या, आणि आपल्या इच्छेने बाहेरही पडू शकत नव्हत्या.

सरकारच्या बाजूने बोलावयाचे तर त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. शेतावरच्या बायका लढणाऱ्यांना खरोखरीच अन्न आणि बातम्या पुरवीत. आपले शिपाई रोज मरत असताना कोणता सेनापती हे चालू देईल? सैन्याची सुरक्षितता, राज्याची सुरक्षितता, हे शब्द पोकळ नव्हते. पण ह्या शब्दांचा एक गुण असा, की ते उच्चारले म्हणजे पुढचा प्रश्न विचारणारा आपोआप संशयित ठरतो. छावणीत दूध मिळते का, हा साधा प्रश्नही मग देशद्रोहासारखा ऐकू येऊ लागतो. आणि सुरुवातीला छावण्यांत शिध्याचे दोन प्रकार होते, ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटली. ज्या घरचा पुरुष अजून लढत होता, त्या घरच्या बायकामुलांना कमी शिधा मिळे. बाप रानात बंदूक घेऊन आहे म्हणून दोन वर्षांच्या पोराचे ताट उणे करावयाचे, हा सुरक्षिततेचाच एक भाग मानला गेला होता. १९०१ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस हा भेद बंद झाला.

आता बाईंविषयी. एमिली हॉबहाऊस ह्यांचा जन्म ९ एप्रिल १८६० रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातील एका खेड्यात झाला. वडील तेथील धर्मोपदेशक होते. बाई वीस वर्षांच्या असताना आई वारली, आणि पुढची चौदा-पंधरा वर्षे आजारी वडिलांची सेवा करण्यात गेली. १८९५ साली वडील गेले तेव्हा त्यांचे वय पस्तिशीला पोहोचले होते. लग्न नाही, नोकरी नाही, मोठे शिक्षण नाही. आपल्याकडे अशा बाईला लोक ‘आता देवदेव करा’ म्हणून सांगतील. त्या मात्र अमेरिकेत गेल्या आणि मिनेसोटा राज्यात खाणीत काम करणाऱ्या कॉर्नवॉलच्या मजुरांमध्ये त्यांनी समाजकार्य केले. तेथे एका गृहस्थाशी लग्न ठरले, तेही मोडले, आणि १८९८ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या. त्यांचे चुलते लॉर्ड हॉबहाऊस हे १८७२ ते १८७७ ह्या काळात हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री होते. ह्या चुलत्यांच्या घरी राजकारणाची चर्चा चाले, ती बाईंच्या कानावर पडे.

लढाई सुरू झाल्यावर बाई लढाईविरुद्ध असलेल्या एका समितीच्या महिला शाखेच्या चिटणीस झाल्या. घरे जाळल्याच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा त्यांनी बायकामुलांसाठी मदतनिधी उभा केला, आणि तो योग्य हाती पडतो की नाही हे पाहण्यासाठी स्वतःच निघाल्या. ७ डिसेंबर १९०० ला निघून २७ डिसेंबरला त्या केपटाऊनला पोहोचल्या. निघताना त्यांना एकाच छावणीची माहिती होती. उतरल्यावर कळले की अशा छावण्या ठिकठिकाणी उभ्या राहत आहेत.

लष्करी कायदा लागू असल्यामुळे परवानगीवाचून पाऊल टाकता येत नव्हते. बाई तेथील सर्वोच्च अधिकारी सर आल्फ्रेड मिल्नर ह्यांना भेटल्या. त्यांनी होकार दिला, पण खरा होकार सेनापती किचनर ह्यांचा हवा होता. त्यांनी ब्लोमफाँटेनपर्यंतच जाऊ दिले, पुढे नाही. रेल्वेची एक वाघीण मिळाली. तीत धान्य, कपडे आणि औषधी सामान भरून बाई जानेवारीच्या अखेरीस ब्लोमफाँटेनच्या छावणीत दाखल झाल्या.

गावापासून दोन मैलांवर, उघड्या माळावर, झाडाची सावली नाही अशा जागी तंबू ठोकलेले. सुमारे दोन हजार माणसे, त्यांत नऊशेच्या आसपास मुले. दक्षिण आफ्रिकेत जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. पातळ कापडातून ऊन आत उतरे, पाऊस पडला की पाणी खालून शिरे. एका तंबूत दहा-दहा, बारा-बारा माणसे. खाट नाही, टेबल नाही. बाई एका तंबूत जमिनीवर बसून बोलत असताना एक विषारी सर्प आत आला. सगळ्या बाहेर पळाल्या, आणि ह्या बाईंनी हातातील छत्रीने त्याला ठोकण्यास सुरुवात केली! मग कुणी पुरुष मोगरी घेऊन आला आणि त्याने काम पुरे केले.

भगिनींनो, ह्या बाईंच्या अहवालात मोठमोठी वाक्ये थोडी आणि प्रश्न पुष्कळ आहेत, आणि ते प्रश्न आपल्या रोजच्या घरातले आहेत. पाणी किती मिळते? ते उकळावयास सरपण आहे का? स्वयंपाकाला एक आणि धुण्याला दुसरे असे भांडे आहे का? आजारी मूल वेगळे कोठे निजवता? मांस किती, पीठ किती, दूध कुणाला? नदीचे पाणी विषमज्वराने भरलेले होते, ते न उकळता पिऊ नये हे सर्वांना कळत होते, पण सरपण इतके थोडे की त्यात स्वयंपाकच जेमतेम होई. मग बाईंनी सुचविले की आगगाडीचा एखादा मोठा बॉयलर आणा आणि सर्वांचे पाणी एकत्र उकळून वाटा. ज्या बाईने पंचवीस माणसांचा स्वयंपाक एका चुलीवर केला असेल, तिलाच असली गोष्ट सुचते.

आणि साबण. छावणीत साबण दिला जात नव्हता. बाईंनी अधिकाऱ्यांना विचारले तेव्हा साबण ही चैनीची वस्तू आहे असे उत्तर मिळाले. बायका मळक्या आहेत, मुलांना स्वच्छ ठेवीत नाहीत, म्हणून रोग पसरतो, असे हेच अधिकारी म्हणत होते. पाणी नाही, साबण नाही, आणि दोष आईच्या अंगी! बाईंनी पाठपुरावा केला आणि अखेर साबणाचा समावेश शिध्यात झाला. मोठ्या साम्राज्याशी झालेल्या ह्या झगड्यात त्यांनी मिळविलेला पहिला विजय साबणाचा होता. मला त्याचे हसू येत नाही. ज्या घरात तान्हे मूल आहे आणि हगवण लागली आहे, त्या घरात साबण म्हणजे काय हे आपण जाणतो.

येथे आपल्या मंडळाची एक आठवण सांगावीशी वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई सांगलीत शिरली तेव्हा आपल्यापैकी काहीजणी निवाऱ्याच्या ठिकाणी वही घेऊन फिरत होत्या. त्यांत मीही होते. एका ठिकाणी फाटकावर आम्हांला अडविले. बाहेरच्या माणसांना आत सोडावयाचे नाही, सुरक्षिततेचा प्रश्न आहे, असे सांगण्यात आले. त्यातही काही चूक नव्हते, रात्री-अपरात्री कुणीही बायकांच्या निवाऱ्यात शिरू नये हे बरोबरच. आम्ही भांडलो नाही. खिडकीशी ज्या बायका आल्या त्यांना चार प्रश्न विचारले. तान्ही मुले किती? पाणी उकळून मिळते का? साबण आहे का? पाळीची सोय काय? उत्तरे वहीत लिहिली, त्यांची एक नक्कल तेथील जबाबदार माणसाच्या हाती दिली, एक आपल्याजवळ ठेवली. दुसऱ्या दिवशी साबण आणि घड्या आल्या. त्या वेळी हॉबहाऊसबाईंचे नावही आम्हांला ठाऊक नव्हते. पण विचारपूस करण्याची रीत सगळीकडे एकच असावी.

पुढे बाई आणखी छावण्या पाहत फिरल्या. एप्रिलमध्ये त्या ब्लोमफाँटेनला परत आल्या तो तेथील वस्ती जवळजवळ दुप्पट झालेली. स्प्रिंगफाँटेन नावाच्या स्टेशनाजवळ त्यांनी उघड्यावर पडलेली माणसे पाहिली, कारण छावणीत जागा नव्हती. तेथे काठ्यांवर टाकलेल्या फडक्याच्या आडोशाला एक आई मरणाच्या दारी टेकलेले मूल मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती, बोलत नव्हती. देण्यासारखे कुणाजवळ काही नव्हते. ह्या आईचे चित्र बाईंच्या मनातून पुढे कधीच गेले नाही.

आपल्याजवळच्या सामानाने ह्या दुःखाला पुरे पडता येणार नाही, हे बाईंच्या ध्यानात आले. दुःखाचे मूळ लंडनला होते. मे १९०१ मध्ये त्या परत गेल्या, ४ जून रोजी युद्धमंत्री ब्रॉड्रिक ह्यांना भेटल्या, आणि त्याच महिन्यात त्यांचा अहवाल छापला गेला. आणखी माणसे छावण्यांत आणू नका, ज्यांचे नातेवाईक आसरा द्यावयास तयार आहेत त्यांना सोडा, आणि जबाबदार स्त्रियांना पाहणीसाठी पाठवा, अशा त्यातील सूचना होत्या. विरोधी पक्षाचे पुढारी कॅम्बेल-बॅनरमन ह्यांनी बाईंची हकीकत स्वतः ऐकली आणि दुसऱ्याच दिवशी, १४ जूनला, भर मेजवानीत आपल्याच देशाच्या लढाईच्या पद्धतीला रानटी म्हटले. देशभर खळबळ उडाली. पार्लमेंटात वादविवाद झाला, पण सरशी सरकारची झाली.

बाईंच्या वाट्याला काय आले? वर्तमानपत्रांनी त्यांना शत्रूची हस्तक म्हटले, भावनेच्या आहारी गेलेली बाई म्हटले. सभांना दिवाणखाने मिळेनात. किचनरसाहेबांनी तर आपल्या पत्रात त्यांचे नाव शिवी घालून घेतले. हेच किचनरसाहेब पुढे १९०२ साली जंगी लाट होऊन हिंदुस्थानात आले. बाईंनी मात्र कुठेही इंग्लंडचा पराभव व्हावा असे म्हटले नव्हते. आपल्या देशाच्या नावावर हे लागू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

तरीही अहवाल बिनकामाचा गेला नाही. सरकारला चौकशी नेमावी लागली, आणि ती सहा स्त्रियांची नेमली गेली. अध्यक्ष मिलिसेंट फॉसेट. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून झटणाऱ्या ह्या बाई, पण लढाईच्या बाबतीत सरकारच्या बाजूच्या. सभासदांत दोन स्त्री डॉक्टर होत्या, एक परिचारिका होत्या, आणि ल्यूसी डीन ह्या कारखान्यांच्या निरीक्षक होत्या. हॉबहाऊसबाईंना मात्र वगळले गेले. सरकारला वाटले असेल की आपल्या विचाराच्या बायका आहेत, सौम्य लिहितील. त्यांनी आईबापांच्या अज्ञानावरही बोट ठेवले हे खरे. परंतु ऑगस्ट ते डिसेंबर १९०१ ह्या काळात छावण्यांमागून छावण्या पाहिल्यावर त्यांनाही पाणी, सरपण, शिधा आणि परिचारिकांची उणीव दिसल्यावाचून राहिली नाही. पाणी उकळण्याची सोय करा, शिध्यात भाजी आणि तांदूळ द्या, शिकलेल्या परिचारिका पाठवा, असे त्यांनीही लिहिले. दोघींची मते निराळी होती, पण दोघी स्वतः जाऊन पाहून आल्या होत्या, आणि म्हणून दोघींच्या कागदावर पुष्कळसे एकच उतरले.

मधल्या काळात मरण थांबले नव्हते. गोवर, न्यूमोनिया, हगवण, विषमज्वर. ऑक्टोबर १९०१ ह्या एका महिन्यात गोऱ्यांच्या छावण्यांत तीन हजारांहून अधिक माणसे गेली. त्या गतीने वर्षाचा हिशेब केला तर दर हजारी ३४४ होतात. त्याच महिन्यात हॉबहाऊसबाई पुन्हा केपटाऊनला आल्या. २७ ऑक्टोबरला बोट लागली, पण त्यांना उतरू दिले नाही. लष्करी कायदा, एवढेच कारण. बाई म्हणाल्या, माझ्या पायांनी मी परत जाणार नाही. तेव्हा त्यांना उचलून दुसऱ्या बोटीवर नेण्यात आले आणि परत पाठविण्यात आले. एकेचाळीस वर्षांची, प्रकृतीने नाजूक, निःशस्त्र बाई, आणि तिच्यापासून साम्राज्याला धोका!

त्यानंतर सुधारणा झाल्या तसे मरण उतरू लागले. फेब्रुवारी १९०२ मध्ये वर्षाचा दर हजारी ६९ वर आला आणि पुढे लवकरच २० च्या आसपास. माणसे तीच, देश तोच, आया त्याच. ह्यावरून काय समजावयाचे ते ज्याचे त्याने समजावे. ३१ मे १९०२ ला तह झाला. नंतर मोजदाद झाली तेव्हा ह्या छावण्यांत २७,९२७ माणसे मेल्याचे आढळले. त्यांपैकी २२,०७४ मुले सोळा वर्षांखालची. रणांगणावर पडलेल्या बोअर पुरुषांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे.

पण हकीकत येथे संपवली तर ती अर्धीच राहील. त्या शेतांवर काळे लोकही राहत होते, त्यांचीही घरे जळाली आणि त्यांनाही छावण्यांत नेले. त्यांच्या छावण्या वेगळ्या होत्या. साठाहून अधिक छावण्यांत लाखाच्या वर माणसे होती. त्यांना अन्न मिळावयाचे ते बहुतेक काम करून किंवा विकत घेऊन. हॉबहाऊसबाईंनी ब्लोमफाँटेनच्या अशा वस्तीत आजार आणि हालअपेष्टा असल्याचे ऐकले, तेथे कुणीतरी जावे असे सुचविले, परंतु त्या स्वतः तेथे गेल्या नाहीत. फॉसेटबाईंची समिती तर त्या छावण्यांत गेलीच नाही. मूळ रहिवाशांच्या हितासाठी झटणाऱ्या इंग्लंडातील एका संस्थेने १९०२ साली चौकशीची मागणी केली, ती मानली गेली नाही. नोंदलेले मृत्यूच १४ हजारांच्या वर आहेत, आणि खरा आकडा वीस हजारांहून अधिक असावा असे आजचे अभ्यासक मानतात. बहुतेक मुलेच. विचारपूस जिथपर्यंत पोहोचली तिथपर्यंत साबण पोहोचला. जेथे वही गेली नाही तेथे मेलेल्यांची मोजणीही धड झाली नाही.

विचारपूस करणाऱ्याच्या मागे कुणी उभे आहे की नाही, ह्यावरही फार अवलंबून असते. त्यासाठी चार वर्षे मागे आणि आपल्या पुण्यास यावे लागेल. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. रँडसाहेबांच्या देखरेखीखाली गोरे सोजिर घरोघरी शिरून झडती घेत. बायकांची विटंबना झाल्याच्या तक्रारी होत्या. पंडिता रमाबाईंनीही वर्तमानपत्रात पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळातील बायकांच्या हालांना वाचा फोडली. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील वर्तमानपत्राला सोजिरांच्या अत्याचारांची माहिती दिली. इकडे २२ जूनच्या रात्री रँड ह्यांच्यावर गोळी झाडली गेली होती, आणि सरकार संतापलेले होते. नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या नियमाखाली खटल्यावाचून अटकेत टाकले गेले, टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून दीड वर्षाची शिक्षा झाली. गोखले परत आले तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांनी आपली नावे उघड करू नका म्हणून विनविले. पुरावा पुढे करता येईना. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली.

त्या तक्रारींत खरे किती आणि ऐकीव किती, ह्याची नीट चौकशी कधी झालीच नाही. भीती इतकी होती की साक्षीदारच उरला नाही. हॉबहाऊसबाईंना निदान एक वाघीण मिळाली, लॉर्डांची पुतणी म्हणून मंत्र्याच्या दारात उभे राहता आले. कसबा पेठेतल्या बाईला कोण उभे करणार होते? पुढे १९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सभासदाने आधी पाच वर्षे अभ्यास आणि उमेदवारी करावी असा नियम ठेवला. सार्वजनिक गोष्टीवर बोलणाऱ्याच्या हाती पक्की माहिती हवी, हा त्यांचा आग्रह जन्मभर राहिला.

हॉबहाऊसबाईंची पुढची हकीकत थोडक्यात सांगते. लढाई संपल्यावर त्या पुन्हा दक्षिण आफ्रिकेत गेल्या. १९०५ पासून त्यांनी बोअर मुलींसाठी सूत कातण्याच्या आणि विणण्याच्या शाळा काढल्या. नुसती मदत देऊन भागत नाही, हाताला काम हवे, हे त्यांनी ओळखले होते. १९१३ साली गांधीजींचा सत्याग्रह ऐन भरात असताना त्या तेथेच होत्या. तेव्हा त्यांनी गांधीजींना तार करून मोर्चा थोडा लांबणीवर टाकण्यास सुचविले आणि जनरल स्मट्स ह्यांना हिंदी लोकांच्या बाजूने पत्र लिहिले. हे स्मट्ससाहेब त्या जुन्या लढाईत बोअरांचे सेनापती होते, म्हणून बाईंच्या शब्दाला तेथे मान होता. १९१४ मध्ये समेट झाला.

१६ डिसेंबर १९१३ रोजी ब्लोमफाँटेनला छावण्यांत मेलेल्या बायकामुलांच्या स्मारकाचे उद्घाटन झाले. त्यातील मुख्य शिल्पात स्प्रिंगफाँटेनची ती आई आहे, मांडीवर मूल घेतलेली. बाई उद्घाटनासाठी निघाल्या होत्या, पण प्रकृती ढासळल्यामुळे वाटेतच थांबावे लागले. त्यांचे भाषण दुसऱ्यांनी वाचून दाखविले. जे भांडण त्यांचे नव्हते त्यात हजारो काळी माणसेही छावण्यांत मेली, त्यांची आठवण ठेवणे न्यायाचे आहे, असे त्यांनी त्या भाषणात सांगितले होते. स्मारक मात्र गोऱ्यांचेच होते. ८ जून १९२६ रोजी बाई लंडनमध्ये वारल्या. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्यांच्यावर आदराने लिहिले. त्यांच्या अस्थी त्याच स्मारकाच्या पायथ्याशी ठेवल्या आहेत.

आपले मंडळ लहान आहे. हळदीकुंकू, भजन, शिवणवर्ग, सहल, असे आपले कार्यक्रम. त्यांत काही कमीपणा आहे असे मला वाटत नाही. पण आपल्या कपाटात २०१९ च्या पुराची ती वही अजून आहे, पाण्याने पाने फुगलेली. मंडळाने अशीच एक वही कायम चालू ठेवावी, असे मला सुचवावयाचे आहे. आपल्या गल्लीत कुणाचे रेशन बंद झाले, कुठल्या घरात म्हातारी एकटी आहे, कुठल्या बांधकामावर आलेल्या बायकांच्या मुलांना पाणी कोठून मिळते, हे तारखेनिशी, स्वतः जाऊन, स्वतः पाहून लिहावे. ऐकीव ते ऐकीव म्हणून लिहावे. आणि लिहिताना एक विचार जरूर करावा, की आपण कुठल्या गल्लीत अजून गेलोच नाही. कुणी आत सोडले नाही तर तेही लिहून ठेवावे, कारण आत का सोडले नाही हीसुद्धा माहितीच आहे.

पहिल्या वहीचे पैसे मी देते. वर्धापनदिनाच्या सर्व भगिनींना माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा.